वाक्य कुणाचं

संग्रामला घरी न्यायची सगळी तयारी झाली होती. बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवल्या होत्या, पुढच्या दारातली पायरी काढून उतार केला होता, आणि त्याच्या बायकोनं, तेजस्विनीनं, ऑफिसातून रजाही टाकली होती. मिरजेच्या वाचा-पुनर्वसन केंद्राच्या मोठ्या हॉलमध्ये डॉक्टर नसीम इनामदारांनी संग्रामच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “काय संग्रामराव, निघायचं ना आज?”

संग्रामच्या गळ्यातल्या पट्ट्यावरचा हिरवा दिवा लागला. आणि त्याच्याच भरदार, मैदानाच्या टोकाला बसलेल्या माणसापर्यंत पोचणाऱ्या आवाजात शब्द आले, “मला घरी जायचं नाही. मला इथंच राहू दे.”

तेजस्विनीच्या हातात त्याची बॅग होती, ती तिनं खाली ठेवली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. या वेळी पट्टा गप्पच राहिला. संग्रामनं मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची हे दोघींनाही कळेना. त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू हलत नसे. डाव्या बाजूवर जे उमटलं ते आश्चर्य होतं, असं तेजस्विनीला वाटलं. पण आश्चर्य कशाचं? आपण हे बोललो याचं, की बायकोसमोर तोंडून निसटलं याचं?

“राहू देत थोडे दिवस,” डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाल्या. “घरी जायची धास्ती पुष्कळांना असते. आणि आता ते इतकं स्पष्ट बोललेत तर आपण मानायला हवं. हे सगळं आपण त्यासाठीच तर केलं.”

हे सगळं म्हणजे तो पट्टा, आणि त्याच्यामागचा सर्व्हर. तो सर्व्हर तेजस्विनीनंच लिहिला होता, सांगलीतली नोकरी सांभाळून केंद्रासाठी.

संग्राम मोहिते हा कुस्तीचा निवेदक. सांगलीपासून साताऱ्यापर्यंत कुठल्याही गावची जत्रा असो, मैदानावर माईक त्याच्या हातात. आखाड्यात एका वेळी चार-पाच जोड्या लागलेल्या असत आणि हा एकटा सगळ्यांचं बोलत असे. कुणाची पकड कुठं बसली, कुणाचा वस्ताद कोण, कुणाच्या आजोबांनी कुठलं मैदान मारलं होतं, सगळं तोंडपाठ. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय हळूहळू परत आले, पण वाचा गेली. डॉक्टर त्याला वाचाघात म्हणत. समोरच्याचं बोलणं बहुतेक कळतं, आपल्याला काय म्हणायचंय तेही आत ठाऊक असतं, पण मेंदूतून ओठांपर्यंत येताना शब्द वाटेत कुठंतरी सांडतात. लिहिताही येत नाही. ‘हो’ आणि ‘नाही’सुद्धा कधी उलटे पडतात.

अशा माणसांसाठी तो पट्टा निघाला होता. गळ्याच्या स्नायूंमधल्या आणि कानामागून मिळणाऱ्या मेंदूच्या बारीक लहरी तो टिपायचा आणि, रुग्ण केंद्रात असो की घरी, नेटवर्कवरून केंद्रातल्या सर्व्हरकडे पाठवायचा. सर्व्हर त्या लहरींवरून वाक्य बांधायचा आणि ते परत पट्ट्याकडे धाडायचा. शब्द सर्व्हरचे, पण आवाज, हेल, लकब पट्ट्यात साठवलेली असे. संग्रामच्या आवाजाची काही वाण नव्हती. जत्रांची शेकडो तासांची रेकॉर्डिंग्ज लोकांनी आपणहून आणून दिली होती.

अडचण आली ती पट्टे वाढले तेव्हा. जुना सर्व्हर जिनेंद्र मगदूम सरांनी रचला होता. ते तेजस्विनीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, आणि केंद्राच्या संगणक विभागाचे प्रमुख. त्यांनी प्रत्येक रुग्णामागे एक थ्रेड ठेवला होता. थ्रेड म्हणजे सर्व्हरच्या पोटातला एक कामकरी. तो एकाच रुग्णाच्या दाराशी बसायचा. रुग्ण बोलला की ऐकायचा, गप्प बसला की तोही थांबायचा. समोरून काही येईपर्यंत पुढं सरकायचं नाही, हा त्याचा स्वभाव. वाचाघाताची माणसं तर बोलतात कमी आणि थांबतात जास्त. एका शब्दापासून दुसऱ्या शब्दापर्यंत जायला कुणाला मिनिटभर लागे. तेवढा वेळ तो कामकरी आपल्या रुग्णाचं सगळं भाषिक ज्ञान मांडीवर घेऊन नुसता बसून असे. साडेतीनशे पट्ट्यांनंतर सर्व्हरची स्मृती संपायला लागली. बाहेर त्याहून जास्त माणसं पट्ट्यासाठी रांगेत होती, मुकी.

“दुसरी पद्धत वापरू या,” तेजस्विनी म्हणाली होती. “नॉन-ब्लॉकिंग. कुणासाठी अडून बसायचंच नाही.”

त्या पद्धतीत कामकरी एकच. तो कुठंच बसत नाही. सगळ्या दारांवरून नजर फिरवत राहतो. ज्या दारात काही आलंय तेवढं उचलतो, अर्धं वाक्य असेल तर त्या दाराच्या नंबरच्या कप्प्यात ठेवतो आणि पुढं जातो. वाक्य बांधून तयार झालं की कप्प्याचा नंबर बघून त्या दारी पोचवतो. हे संग्रामच्या कामासारखंच होतं. पाच जोड्या, एक माईक, जिथं हालचाल होईल तिथं नजर.

मगदूम सरांना ते पटलं नव्हतं. “थ्रेड बावळट असतो, पण सरळ असतो,” ते म्हणाले होते. “एका माणसाची गोष्ट एका जागी असते. तुझ्या पद्धतीत आठवण आपल्याला ठेवावी लागते. कोण कुठं थांबला होता, त्याचं अर्धं काय राहिलं होतं. आठवण ठेवणं आलं की विसरणं आलं.”

“पण सर, बाहेर माणसं थांबलीत.”

शेवटी सर तयार झाले. महिन्यापूर्वी नवा सर्व्हर सुरू झाला, आणि त्याच यंत्रावर नऊशे माणसं बोलायला लागली. बोलणं भरभर होऊ लागलं. नातेवाईक पेढे घेऊन आले. संग्रामही पूर्वीपेक्षा पुष्कळ बोलू लागला होता, आणि त्यातच आता तो म्हणाला होता की मला घरी जायचं नाही.

तेजस्विनी त्या दिवशी एकटीच सांगलीला परत गेली. घरात शिरल्यावर त्या नव्या दांड्या बघून तिला हसावं की रडावं कळेना.

कुणालाही पहिल्यांदा वाटलं असतं तेच तिला वाटलं, की यंत्र चुकलं असेल. मग तिला या विचाराचाच संशय आला. नवऱ्याचं बोलणं आवडलं नाही म्हणून आपण यंत्रात खोट काढतोय का? कारण ते वाक्य खरं असायला काही हरकत नव्हती. झटक्याच्या आधीच्या हिवाळ्यात दोघांत बोलणं फारसं उरलं नव्हतं. भांडण असं काही नव्हतं. तो जत्रांवर, ती स्क्रीनसमोर. जेवायच्या वेळाही वेगळ्या झाल्या होत्या. बोलता येत असताना जो माणूस बोलला नाही, त्यानं वाचा गेल्यावर यंत्रातून हे सांगितलं असेल, तर त्यात खोटं काय?

ती रोज संध्याकाळी मिरजेला जायला लागली. आणि तिथं आणखी गोंधळ वाढत गेला. एकदा संग्राम मध्येच म्हणाला, “म्हशीला पाणी दाखवलं का?” मोहित्यांच्या चार पिढ्यांत कुणी म्हैस पाळली नव्हती. एकदा तिच्याकडे बघत त्यानं “सूनबाई” अशी हाक मारली. आणि एका गुरुवारी, चालण्याचा व्यायाम करून खुर्चीत बसता बसता म्हणाला, “दमले गं बाई.”

“दमले?” तेजस्विनी डॉक्टरांकडे धावत गेली. “डॉक्टर, ते ‘दमलो’ म्हणतील. दमले कसं म्हणतील?”

“वाचाघातात लिंग, वचन, काळ, सगळं घसरतं,” डॉक्टर इनामदार शांतपणे म्हणाल्या. “एका शब्दाच्या जागी दुसरा येतो, बायकोला बहीण म्हणतात, सकाळला रात्र म्हणतात. मी वीस वर्षं हेच बघतेय. पट्टा आला म्हणून मेंदू दुरुस्त झाला असं नाही.”

तेही खरंच होतं. तेजस्विनीनं ते मगदूम सरांना सांगितलं तेव्हा ते टेबलावर बोटं वाजवू लागले.

“वाईट जागी अडकलोय आपण,” ते म्हणाले. “बँकेच्या सर्व्हरनं तुझे पैसे माझ्या खात्यात टाकले तर तू बोंब मारशील. इथं बोंब मारायची तीही आपल्याच सर्व्हरमधून. आणि चूक झालीच तर ती हुबेहूब आजारासारखी दिसणार.”

“मग कळायचं कसं?”

“त्याला माझ्या थ्रेडवर घेऊ. एकट्याला. मग विचार.”

दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी एका सुट्या यंत्रावर जुना सर्व्हर चालू केला. व्यायामाच्या छोट्या खोलीत संग्रामला बसवून त्याचा पट्टा या सर्व्हरला जोडला. आता त्या यंत्रात दुसरं कुणीच नव्हतं. तेजस्विनी समोर बसली.

“अहो, घरी यायचं ना?”

दिवा लागला, विझला. एवढा वेळ गेला की बाहेरच्या बाईनं व्हरांडा झाडून संपवला. “घरी,” पट्टा म्हणाला. पुन्हा शांतता. “तेजू.” संग्रामचा डावा हात मांडीवर हलत होता. “नको.”

ती थांबली. पुढं काहीच आलं नाही.

‘घरी, तेजू, नको.’ याचा अर्थ काय घ्यायचा? घर नको? तेजू नको? की तेजू, असं विचारू नको? ती बाहेर आली. यंत्राची खोट निघाली नाही तर नवऱ्याचा नकार खरा ठरणार, आणि निघाली तरी आता हे तीन शब्द उरणारच होते. तिला वाटलं, हा नाद सोडून द्यावा. पण ‘दमले गं बाई’ काही डोक्यातून जाईना.

शेवटी तिनं माणसांना विचारायचंच सोडलं. पन्नास खोटे पट्टे तयार केले, म्हणजे नुसते प्रोग्रॅम. प्रत्येकानं आपला नंबर तेवढा बोलायचा. बाराव्यानं म्हणायचं ‘मी बारा’, तेराव्यानं म्हणायचं ‘मी तेरा’. दिवसभर ते बिनचूक बोलत राहिले. मग तिच्या लक्षात आलं की खरी माणसं अशी एका जागी बसत नाहीत. ती अंगणात जातात, जिन्याखाली जातात, गाडीत बसतात. नेटवर्क तुटतं आणि परत जोडलं जातं. तिनं खोट्या पट्ट्यांनाही मधूनच तोडायला आणि जोडायला लावलं. चहाचा कप अर्धा होईपर्यंत बारावा पट्टा म्हणाला, “मी एकोणतीस.”

तिनं सरांना हाक मारली. सर आले, त्यांनी वाचलं, आणि एक खुर्ची ओढून घेतली.

खोट साधीच होती. पट्ट्याचा संपर्क तुटला की त्याचा नंबर मोकळा व्हायचा आणि पुढं जो पट्टा जोडला जाईल त्याला मिळायचा. पण तुटलेल्या माणसाचं अर्धं वाक्य तोवर बांधायला गेलेलं असायचं. ते तयार होऊन परत आलं की सर्व्हर फक्त नंबर बघायचा. त्या नंबरच्या दारात आता दुसराच कुणी उभा आहे हे त्याला माहीत नव्हतं. ते वाक्य तो त्या दुसऱ्याच्याच गळ्यात घालून मोकळा व्हायचा.

“त्या सकाळी कोण तुटलं होतं ते बघता येईल?” सरांनी विचारलं.

कुणाची वाक्यं साठवून ठेवायची नाहीत असा केंद्राचा नियम होता, पण कोण केव्हा जोडलं गेलं याची नोंद सर्व्हरमध्ये राहत असे. डॉक्टरांनी संग्रामला ‘निघायचं ना’ असं विचारण्याआधी काही क्षण, तो अंगणातून हॉलमध्ये आला तेव्हा, त्याचा पट्टा नव्यानं जोडला गेला होता. आणि त्याला मिळालेला नंबर त्याच मिनिटाला सुटला होता. तो होता अक्काताई चव्हाण यांचा. तासगावजवळच्या एका वस्तीवरची सत्तरीची बाई. त्याच सकाळी तिचा मुलगा तिला घरी न्यायला आला होता. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि केंद्राचं नेटवर्क तुटलं.

तेजस्विनीला ‘राहू दे’मधलं ते ‘दे’ आठवलं. ‘मला इथंच राहू दे.’ तिनं ते स्वतःला लावून घेतलं होतं. आई मुलालाही तसंच म्हणते.

डॉक्टर इनामदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. “दुरुस्त होईल?”

“होईल. प्रत्येक जोडणीला कधीच पुन्हा न वापरला जाणारा नंबर द्यायचा. दोन दिवसांचं काम आहे. पण डॉक्टर, ही एक खोट मला सापडली. आणखी नसेलच असं मी सांगू शकत नाही.”

“मग जुन्यावर परत जायचं?”

“तर साडेपाचशे माणसांचे पट्टे काढून घ्यावे लागतील.”

“म्हणजे चुकीचं बोलण्यापेक्षा मुकं बरं?” डॉक्टरांचा आवाज चढला. मग त्याच म्हणाल्या, “का नाही? कदाचित बरंच. मला कळत नाही, तेजस्विनी. आणि घरच्यांना सांगायचं काय? दीड महिन्यात कोण काय बोललं, त्यावर लोकांनी काय काय ठरवलं असेल...”

“सांगायला तर हवंच.”

सांगितलं. लोक चिडले, काहींनी पट्टे आणून टेबलावर आपटले. एकजण म्हणाला की वडील त्याला दोनदा ‘शहाणा आहेस’ म्हणाले होते, ते तरी खरं का? एक मध्यमवयीन बाई मात्र सगळे गेल्यावर मागं थांबली. तिचा नवरा तीन आठवड्यांपूर्वी वारला होता. जाण्याच्या आदल्या दिवशी तो पट्ट्यातून तिला काहीतरी बोलला होता. काय ते तिनं सांगितलं नाही.

“तुम्ही त्या वेळेला कोण तुटलं होतं ते बघू शकता म्हणे,” ती म्हणाली.

“हो, बघते ना. तारीख सांगा.”

“नको,” बाई घाईनं म्हणाली. “तेच सांगायला थांबले. माझं तपासू नका.”

तेजस्विनीनं मान डोलावली. खरं काय ते शोधून देणं आपलं काम, असं ती दोन दिवस धरून चालली होती. आता तेही तिला धड वाटेना.

दुरुस्ती झाल्यावर ती आणि मगदूम सर तासगावकडे निघाले. सरांनी जुना थ्रेडचा सर्व्हर लॅपटॉपवर घेतला होता. द्राक्षबागांच्या मधून गेलेल्या रस्त्याच्या कडेला चव्हाणांचं पत्र्याचं नवं घर होतं. मुलगा भरत आणि सून रूपाली दोघंही घरी थांबली होती. गोठ्यात म्हैस होती. तेजस्विनीनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि सरांकडे बघितलं.

अक्काताई पलंगावर बसल्या होत्या. डोकीवरून पदर, स्वच्छ पातळ, केस विंचरलेले. घरात त्यांचे हाल नव्हते, हे दिसतच होतं.

“आम्ही काय केलं असं?” भरत चाचरत म्हणाला. “डागदरीणबाईंनी घरी न्या म्हटलं, आम्ही आणलं. आई गाडीत काय बोललीच न्हाई. आम्हाला वाटलं, गप हाय म्हंजे कबूल हाय.”

“तुमची चूक नाही, दादा. आमच्या यंत्राची आहे,” तेजस्विनी म्हणाली. “थोडा वेळ त्यांच्याशी बोलू का मी? एकटी?”

सगळे बाहेर गेले. सरांनी पट्टा जोडून दिला आणि तेही ओट्यावर जाऊन बसले.

“अक्का, तुम्हाला इथं राहायचंय का?”

दिवा लागला. मग काहीच नाही. पत्र्यावर कसलं तरी पाखरू टिकटिक करत चाललं होतं. तेजस्विनीच्या तोंडावर आलं होतं, ‘इथं काही त्रास आहे का?’ पण तिनं विचारलं नाही. एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर अजून यायचं होतं.

“तवा,” पट्ट्यातून बारीक, घोगरा आवाज आला. “म्हटलं हुतं.”

“काय म्हटलं होतं, अक्का?”

“न्हाई... जायचं.” अक्काताईंनी हात वर करून फाटकातून बाहेर गेल्यासारखा फिरवला. “कुणी... ऐकलं न्हाई.”

तेजस्विनीनं डोळे मिटून घेतले. ऐकलं होतं. हॉलभर लोकांनी ऐकलं होतं, एका पुरुषाच्या खणखणीत आवाजात.

“का नव्हतं जायचं?”

या वेळी तर सरांनी दारातून एकदा डोकावून पाहिलं, यंत्र बंद तर पडलं नाही ना म्हणून.

“तिथं... बाया हुत्या,” अक्काताई म्हणाल्या. “हितं... दिसभर... म्हस.”

इतकंच होतं. मुलगा-सून सकाळी बागेत जायची ती अंधार पडताना यायची. दिवसभर अक्काताई आणि गोठ्यातली म्हैस. केंद्रात त्यांच्यासारख्याच चौघी होत्या. एकीलाही धड बोलता येत नव्हतं, पण त्या चौघी दिवसभर एकत्र असत. रूपालीनं बाहेर हे ऐकलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “एवढंच हुतं तर...” ती म्हणाली, आणि मग तिच्याच लक्षात आलं की सासूनं ते सांगितलं होतं. सोमवारपासून आठवड्यातले चार दिवस अक्काताईंना केंद्रात सोडायचं ठरलं. शेजारचा दुधाचा टेम्पो मिरजेला जायचा, त्यातून.

परतीच्या रस्त्यावर सर म्हणाले, “सुटलीस. नवरा नव्हता म्हणाला.”

“त्या दिवशी नव्हता म्हणाला,” ती म्हणाली. “तुमच्या थ्रेडवर म्हणाला त्याचं काय?”

“ते त्यालाच विचार,” सर म्हणाले.

केंद्रात पोचली तेव्हा संग्राम व्हरांड्यात उन्हाला पाठ करून बसला होता. तिनं सरांकडून लॅपटॉप घेतला, त्याचा पट्टा जुन्या सर्व्हरला जोडला आणि शेजारी बसली.

“अहो, त्या दिवशी ‘घरी जायचं नाही’ म्हणालात, ते वाक्य तुमचं नव्हतं. दुसऱ्या कुणाचं तरी होतं. माझ्या सर्व्हरनं चुकून तुमच्या गळ्यात घातलं.”

दिवा लागला. “माहीत,” पट्टा म्हणाला.

अर्थातच. त्याला पहिल्यापासून माहीत होतं. आपण जे बोललो नाही ते आपल्याच आवाजात ऐकून तो दचकला होता, आणि ते सांगायला त्याच्याकडे तोच पट्टा होता.

“मी... नाही... बोललो.”

“हो. कळलं मला.”

तिला वाटलं, आता झालं. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. पण दिवा विझला नव्हता. तिच्या जिभेवर दोन-तीन वाक्यं आली, त्याच्या वतीनं पुरी करून द्यायची. ती तिनं गिळली.

“पण,” पट्टा म्हणाला. किती तरी वेळानं, “बरोबर.”

“काय बरोबर?”

“ते... बोललं ते. कुणी... का... असेना.”

तेजस्विनीनं हात काढून घेतला. इतके दिवस हे वाक्य कुणाचं हे शोधत ती तासगावपर्यंत जाऊन आली होती, आणि वाक्य दुसऱ्याचं निघून मत मात्र याचंच होतं. तिला हसू आलं. आता काय विचारायचं तेही तिला सुचेना. मग तिनं जे मनात होतं तेच विचारलं.

“मी नको का तुम्हाला?”

संग्रामनं जोरानं मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही, तिला पुन्हा कळलं नाही. त्यालाही ते कळलं असावं. त्यानं डावा हात उचलून तिच्या गुडघ्यावर आपटला, आणि तो तसाच ठेवून शब्द गोळा करत राहिला.

“लोक,” पट्टा म्हणाला. “येतील.”

लोक येणारच होते. तालमीतल्यांनी दोन वेळा तिला फोन करून दिवस विचारला होता. हलगी आणायची होती, फेटा बांधायचा होता. संग्राम मोहिते परत आला म्हणजे दारात शंभर माणूस उभं राहणार आणि सगळे म्हणणार, बोला सर, काहीतरी बोला. आणि तेजस्विनीला ते सगळं चांगलंच वाटलं होतं. तिनं या म्हणून सांगितलं होतं.

“मला आधी का नाही...” ती म्हणाली आणि थांबली. ‘घरी. तेजू. नको.’ त्यानं सांगितलं होतं.

“मग कुणालाच नको बोलवायला?”

ऊन व्हरांड्याच्या कडेपर्यंत सरकलं. आतून कुणीतरी चहाला हाक मारली, तिनं हातानंच नको म्हटलं.

“एकेकाला,” पट्टा म्हणाला.

केंद्रानं नवा सर्व्हर ठेवला, दुरुस्त करून. पण मगदूम सरांच्या जुन्या सर्व्हरसाठीही एक यंत्र घेतलं, वीस-पंचवीस जागांचं. घर, ऑपरेशन, जमीन, असलं काही विचारायचं असेल तर माणसाला आधी तिथं बसवायचं. कुठला प्रश्न तेवढ्या मोलाचा आणि कुठला नाही, यावर डॉक्टर आणि तेजस्विनीचे अजून वाद होतात. चहा हवा का, हा प्रश्न कुठल्या यंत्रावर विचारायचा, हे अक्काताईंच्या उदाहरणानंतर दोघींनाही सांगता येत नाही.

संग्राम पुढच्या महिन्यात एका मंगळवारी घरी आला. दारात कुणी नव्हतं. संध्याकाळी तालमीतले बापू वस्ताद एकटेच आले, चपला बाहेर काढून आत जाऊन बसले. तेजस्विनी स्वयंपाकघरात होती. बाहेरच्या खोलीतून तासभर वस्तादांचाच आवाज ऐकू येत होता, गुडघ्याच्या दुखण्यापासून नातवाच्या शाळेपर्यंत. त्यात संग्रामचे सात-आठ शब्द असतील नसतील.

जायला उठल्यावर वस्ताद दारात थांबले आणि तिला म्हणाले, “वैनी, पंधरा वर्षांची आमची दोस्ती. आज पहिल्यांदा मला बोलायला मिळालं बघा.”

आत संग्राम मोठ्यानं हसला.